बाहेरून कडी

मला आयुष्यात एकदाच कोंडून घालण्यात आलं आहे, आणि तेही माझ्याच सल्ल्यावरून.

झालं असं, की जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता आमच्या मृण्मयीने जाहीर केलं, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काय करतो?"

"सिद्धेश नाव त्याचं. आधी माझ्याच कंपनीत होता, तळवड्याला. आता सोडली नोकरी. चऱ्होलीला कॉफी शॉप टाकलंय. स्पेशालिटी कॉफी."

मी पेला परत उचलला. तहान लागली नव्हती; हाताला काहीतरी आधार हवा होता! आयटीतली नोकरी सोडून कॉफी? मी लातूरहून इथे आलो तेव्हा कंपनीच्या गेटवर उभं राहून चपला झिजवल्या होत्या. नोकरी मिळवण्यासाठी झिजवतात, सोडण्यासाठी नाही!

"रविवारी त्याला घरी आणते," मृण्मयी म्हणाली. तिने फोनवर त्याचा फोटोही दाखवला. दाढी होती. दाढीच्या आत मुलगा होता. "तोवर बाबा, हात जोडते, काहीही करू नका."

आता हे कोणाला सांगत होती? चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला ज्याचे केस गेले (शब्दशः!) त्या माणसाला! गेटातून आलेला साधा नटबोल्टसुद्धा आम्ही तपासल्याशिवाय आत घेत नाही, आणि जावई सरळ घरात? शिवाय स्थळाची गुपचूप चौकशी ही आमच्याकडची रीतच आहे. माझ्या वेळी सासरे भाड्याने खोली बघायच्या निमित्ताने आमच्या चाळीत येऊन गेले होते. खोली त्यांना आवडली नाही. मी खपून गेलो.

गुरुवार गाठला. कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवारी. म्हणजे मी मोकळा आणि पोरगी कामावर. सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, गाडीवर मागे बसवलं आणि चिखलीहून निघालो.

"अहो, काही गडबड झाली तर?" ती वाटेत कानाशी ओरडली.

"कसली गडबड? आपण साधी गिऱ्हाइकं!"

"ते ठीक. पण झालीच तर मी तुम्हाला ओळखत नाही. दोघांपैकी एकाची तरी पोरीच्या सासरी इज्जत राहिली पाहिजे."

मी हसलो. (हसायला नको होतं.)

एका नव्या बंगल्याच्या तळमजल्यावर दुकान होतं. शेजारी पंक्चरवाला, समोर म्हैस. आत दाढी उभी होती. आम्ही कॉफी मागितली आणि धक्क्यांना सुरुवात झाली. त्याने आधी बिया काट्यावर तोलल्या, सोनं तोलावं तशा! मग दळल्या. मग मोबाईलवर वेळ लावून, लांब चोचीच्या किटलीतून त्यावर पाणी सोडायला लागला. तेही धार गोल गोल फिरवत, अभिषेक चालल्यासारखं!

"दूध कधी घालणार?" सुनंदाने विचारलं.

"यात दूध नसतं, काकू."

"साखर?"

"साखर घातली तर संत्र्याची चव निघून जाईल."

"संत्रं घातलंय?"

"नाही, काकू. ते आपोआप जाणवतं."

आम्ही प्यायलो. सुनंदाला आपोआप काही जाणवलं नाही. तिचा एक डोळा मात्र आपोआप मिटला. मला तर चिंच उकळल्याचा भास झाला. हे विकून हा पोरगा माझ्या मुलीला सांभाळणार?

मी उठलो आणि सवयीप्रमाणे फळीवर बोट फिरवलं. बोट उजेडात धरलं. "हम्म," म्हणालो. ("हम्म" हा क्वालिटीतला सर्वांत भयंकर शब्द आहे. आमच्या पुरवठादारांना तो ऐकून घाम फुटतो.)

"या पिशवीवर तारीख का नाही? ही बरणी उघडी का? पाणी कुठलं वापरता?"

सुनंदानेही पदर खोचला. "आणि भांडी कशाने घासता, बघू?" असं म्हणत ती सरळ काउंटरच्या मागे शिरली!

दाढीचा रंग उतरला. "साहेब... तपासणी आहे का?"

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? "नाही रे बाबा, सहज विचारलं!" पण चाकणला मला 'साहेब' कोणी म्हणत नाही. 'काका' म्हणतात, ट्रेनी पोरं तर 'मामा' म्हणतात. तो शब्द कानाला असा काही गोड लागला, की मी पाठीमागे हात बांधले आणि म्हणालो, "तसंच समज."

झालं! तो "एक मिनिट, साहेब" म्हणत कोपऱ्यात गेला आणि पाठ करून फोनवर कुजबुजायला लागला. मी सुनंदाला डोळ्याने खुणावलं, बघ, कसा टरकला! तेवढ्यात तो येऊन पुन्हा बिया दळायला लागला, आणि माझ्या खिशात फोन वाजला. बघतो तर पडद्यावर मृण्मयीचा हा एवढा मोठा हसरा फोटो! याने बघितला तर? फोन छातीशी धरून मी समोर दिसलेल्या टॉयलेटमध्ये घुसलो.

"बाबा, कामात आहात का? जरा सल्ला हवा होता. आमच्या ओळखीच्या एकाच्या हॉटेलात एक अधिकारी आलाय. फार छळतोय."

कोणी सल्ला मागितला, की माझी छाती फुगते. बाहेर दळणाची घरघर चालूच होती, मी मोकळ्या गळ्याने विचारलं, "ओळखपत्र दाखवलं का त्याने?"

"नाही."

"मग तोतया आहे! लिहून देतो! खरा माणूस आधी कार्ड दाखवतो, मग बोलतो. एकटाच आहे?"

"सोबत एक बाई आहे म्हणे. ती भांडी तपासतेय."

"बघ! टोळी आहे टोळी! पोरी, अशा लोकांना लाज नसते!"

"आणि तो सारखं फळीवर बोट फिरवून 'हम्म' म्हणतोय."

"नाटकं आहेत सगळी! अजिबात घाबरू नका म्हणावं. आता कुठे आहे तो?"

"थांबा, मेसेज करून विचारते... हं. टॉयलेटमध्ये गेलाय."

"उत्तम!" मी मूठ आपटली. "आयताच सापडला! बाहेरून कडी घाल म्हणावं, आणि मग सरळ पोलीस!"

"वा, बाबा! पाठवते."

दळण थांबलं. पावलं वाजली. खट्!

मी दाराकडे बघितलं. दार ढकललं. दार हललं नाही.

क्वालिटीत आम्ही एखाद्या दोषाचं मूळ शोधताना 'का?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. इथे पहिल्याच 'का'ला उत्तर मिळालं.

"मृण्मयी," मी हळूच म्हणालो, "ते हॉटेल... कुठे आहे गं?"

पलीकडून थंडगार आवाज आला. "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"मी... आत आहे."

"आई?"

दाराबाहेर नेमकं तेव्हाच सिद्धेश विचारत होता, "काकू, तुम्ही यांच्याबरोबर आलात ना?" आणि माझी धर्मपत्नी, जिने सात जन्मांसाठी वडाला दोरे गुंडाळले, ती शांतपणे म्हणाली, "छे हो! मी आपली कॉफी प्यायला आले. छान संत्र्याची चव आहे."

"आई बाहेर आहे," मी फोनवर सांगितलं. "ती मला ओळखत नाही."

बंगल्याच्या जिन्यावरून आणखी एक आवाज आला, म्हाताऱ्या गळ्याचा, खणखणीत. "काय रं सिद्ध्या? कोन हाय आत?"

"आबा, तोतया अधिकारी आहे."

"व्हय? उघडू नगंस! मी काठी आनतो. आन् चौकीतल्या पोरान्ला बी फोन लाव."

म्हणजे वडील! व्याही! (होऊ घातलेले!) मी कमोडवर बसलो. झाकण लावून.

"बाबा, मी त्याला खरं सांगते," मृण्मयी रडवेली झाली होती.

"नको! तोतयाच राहू दे मला! तोतया म्हणून चार काठ्या खाईन, पण सासरा म्हणून इथून बाहेर पडलो तर तुझं लग्न मोडेल गं!"

"आणि पोलीस आले तर? तुम्ही नाव काय सांगणार? रविवारी तो त्याच नावाच्या माणसाकडे येणार आहे, बाबा!"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तिने फोन ठेवला.

बाहेर एक फोन वाजला. "हॅलो... हो... कोण?... कोण??" मग मला समोरच्या म्हशीचं रवंथ करणंसुद्धा ऐकू आलं.

कडी निघाली, अगदी अलगद, देवघराची काढावी तशी. दारात सिद्धेश उभा, दाढीसकट पांढराफटक. "काका, माफ करा!" म्हणत तो खाली वाकला आणि तिथेच, टॉयलेटच्या उंबऱ्यावर, माझ्या पायांवर डोकं ठेवलं! एवढ्या आदराने कोणी कुठल्याच टॉयलेटमधून बाहेर आलं नसेल.

पण त्याच्यामागे आबा होते. पांढरी टोपी, हातात काठी. "थांब रं. मगाशी अधिकारी, आता सासरा! कार्ड दावा."

मी खिसे चाचपले. गुरुवारची सुट्टी! कंपनीचं कार्ड घरी खुंटीला! "ते... नाही आणलं."

"मंग कशावरनं?" आबा सुनंदाकडे वळले. "बाई, तुमी वळखता का यांस्नी?"

सुनंदाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. फळीवर बोट फिरवून मी जसं बघतो, अगदी तसं.

"थोडंफार," ती म्हणाली.

आबांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग काठी टेकून ते असे हसले, की पंक्चरवाला टायर टाकून बघायला आला. "आवो, आमीबी गेलतो तुमच्या सोसायटीत चौकशीला! वॉचमनला इचारलं. म्हनला, मानूस सरळ हाय, फकस्त बोट लई फिरवतो. पर पावनं, आमी गेटावरनंच माघारी आलो. संडासापातुर न्हाई घुसलो!"

मृण्मयी तळवड्याहून स्कूटर दामटत पोचली, तेव्हा आबांनी चुलीवरचा चहा मागवला होता. घरचं दूध, भरपूर साखर. आबा म्हणाले, ते दुकानातली कॉफी कधीच पीत नाहीत. तिथेच माझं आणि त्यांचं जुळलं. मुलांचं आधीच जुळलेलं होतं.

लग्न झालं. व्याहीभेटीला आबा हार घेऊन पुढे आले. मी माझा हार त्यांच्या गळ्यात घातला आणि हात पसरले. तर भर मांडवात त्यांनी मला काठीने थोपवलं. "आधी कार्ड!" सुनंदाने पर्समधून काढून दिलं. (त्या दोघांचं आधीच ठरलं होतं!) ते गळ्यात अडकवल्यावरच माझी गळाभेट झाली.

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. त्यात आबांच्या गळ्यात हार आहे आणि माझ्या गळ्यात पट्टीला लोंबणारं ओळखपत्र. आलेले पाहुणे तो निरखून बघतात आणि विचारतात, "लग्नात तुम्ही केटररकडून होतात का?"

मी पाठीमागे हात बांधतो आणि म्हणतो, "तसंच समजा."