फॉर्मवरचा नंबर

इकडे ऑस्ट्रेलियात, आमच्या गुंगालिनच्या गल्लीत चार घरं सोडून मुरलीधरराव राहतात. सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर आयटीचं काम, वय चोपन्न, बोलणं अगदी मोजूनमापून. २०२०च्या फेब्रुवारीत त्यांची बायको विमल आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली आणि विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकली. ‘काही लागलं तर सांगा हं,’ असं मी मार्चमध्ये त्यांना म्हटलं होतं. म्हणायचं म्हणून म्हटलं, खोटं कशाला बोलू?

घर खायला उठायचं, म्हणून हिवाळाभर ते दर शनिवारी बर्फाच्या डोंगरांत एकटे चालायला जायचे. दुपारी दोनला गाडीपाशी उतरून विमलला फोन. नियम कडक होता. रात्री गोठलेला बर्फ सकाळी पक्का असतो. वसंतात ऊन चढलं की आत पाणी मुरतं आणि अख्खा उतार सुटतो. बूट घोट्याच्या वर रुतला की परत फिरायचं.

सप्टेंबरातल्या, म्हणजे इथल्या वसंतातल्या, एका शनिवारी तीन वाजले तरी फोन नाही. विमलने हळदीकुंकवाच्या जुन्या ग्रुपमधून माझा नंबर शोधला. “मेधा, ह्यांचा फोन लागत नाहीये गं.” मी लगेच पोलिसांना कळवलं.

पोलीसबाई म्हणाली, डोंगरावर जाण्याआधी त्यांनी भरलेला फॉर्म सापडलाय, पण संपर्कासाठी दिलेला नंबर कोणी उचलत नाहीये. तिने तो वाचून दाखवला. मी ग्रुपवरच्या विमलच्या जुन्या मेसेजशी ताडून पाहिला. त्यांच्याच घरचा लँडलाइन. माझ्यापासून चार घरांवर, कुलूपबंद घरात, तो वाजत होता.

सातच्या सुमारास मुरलीधरराव आपल्या पायांनी खाली आले. जाताना ओलांडलेला उतार परतताना त्यांच्या डोळ्यांदेखत घसरला होता. बर्फ पुन्हा घट्ट होईपर्यंत ते एका खडकाला टेकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने त्यांच्या दारात उभी.

“बूट रुतत नव्हता का?”

“रुतत होता. पण लवकर घरी येऊन तरी काय करायचं?”

“आणि फॉर्मवर स्वतःचाच नंबर लिहितात का कोणी?”

“इथलाच नंबर मागतात, पुण्याचा चालत नाही,” ते मास्कआडून म्हणाले. “दुसरा कुणाचा लिहिणार?”

ते टोमणा मारत नव्हते. सहा महिने मी चार घरांवर राहत होते, आणि माझं नाव त्यांना खरंच सुचलं नव्हतं.