तांब्याभर पाण्याचा वेळ

आमच्या आईला पुण्याला न्यायचं की नाही, हे दाराशेजारी बसवलेल्या एका पांढऱ्या डबीवर ठरणार होतं. डबीवर दहा आकड्यांची बटणं, कुलपाच्या चित्राचं एक बटण, एक हिरवा दिवा आणि एक लाल दिवा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आई सातपूरच्या रो-हाउसमध्ये एकटी राहत होती. बाबांनी तिथल्याच एका कारखान्यात उभा जन्म नोकरी केली, त्यातूनच ते घर उभं राहिलं. मी देवळाली कॅम्पला शाळेत विज्ञान शिकवते आणि तिथेच राहते. धाकटा भाऊ पुण्याला असतो.

दिवाळीच्या आधी आईच्या गल्लीतलं एक घर चोरांनी भर दुपारी फोडलं. घरची माणसं लग्नाला गेली होती. भावाला कळलं तेव्हा त्याने लगेच फोन करून जाहीर केलं की आता पुरे झालं, घर बंद करायचं आणि आईने पुण्याला यायचं. आई म्हणाली, "मी घरात असताना कोण येतंय? आणि नसताना आलं तर नेणार काय, मिक्सर?" दोन दिवस दोघांची जुंपली. शेवटी मी मधे पडले. मला मधे पडायची सवयच आहे. अलार्म बसवायचा, संक्रांतीपर्यंत आईने तो नीट वापरून दाखवायचा, जमलं तर ती इथेच राहील आणि नाही जमलं तर मुकाट्याने पुण्याला जाईल, असा तह मी घडवून आणला. आईने मान हलवली. सातवीतल्या मुलीला परीक्षेचं वेळापत्रक द्यावं तशी मी तिला अटी समजावून सांगत होते, हे आज आठवलं की मला माझाच राग येतो.

अलार्म बसवायला चाळिशीचा एक कारागीर आला. बोलायला फार शांत. त्याने दाराच्या चौकटीत एक पट्टी लावली, हॉलच्या कोपऱ्यात वर एक डोळा बसवला आणि गच्चीवर भोंगा. आईला म्हणाला, "मावशी, निघताना तुमचे चार आकडे दाबायचे, मग हे कुलपाचं बटण. टिकटिक सुरू होईल. एका मिनिटात बाहेर पडून दार लावायचं. मिनिट संपलं की घरात काही हललं तरी भोंगा वाजणार. परत आलात की दार उघडल्यावर तीस सेकंदांत तेच चार आकडे दाबा, म्हणजे बंद." शिवाय प्रत्येक वेळेची खबर भावाच्या मोबाइलवर जाणार होती. कारागीर गेल्यावर मी आईकडून दहा वेळा सराव करून घेतला. दहाही वेळा तिला बरोबर जमलं. मी शाबासकी दिली, तिने ती घेतली आणि भाकरी थापायला गेली.

पहिल्याच आठवड्यात भोंगा वाजला. भावाच्या मोबाइलवर खबर गेली, भावाने मला फोन केला आणि मी वर्ग सोडून आईला.

"काय झालं गं?"

"काही नाही. नंबर चुकला असेल."

त्यानंतर महिन्याभरात तो आणखी तीनदा वाजला. दर वेळी सकाळी दहा-साडेदहाला, आई बाजाराला निघायच्या वेळी. दर वेळी आईचं एकच उत्तर, नंबर चुकला असेल. शेजारच्या काकूंच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली. भोंगा वाजला की ते छातीला हात लावून खाटेवर बसायचे. काकू मूळच्या विंचूरकडच्या, मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या. मला एकदा रस्त्यात गाठून म्हणाल्या, "बाई, ते यंत्र लय वरडतंय. यंत्र नाय, रेडा हाय रेडा. पण तुमच्या आईला काय बोलू नका, लय गुणाची बाई हाय ती."

चौथ्या वेळेनंतर भावाचा आवाज बदलला. आधी तो चिडायचा, आता हळू बोलायला लागला, आणि तेच मला जास्त टोचलं. "ताई, चार आकडे आहेत फक्त. तिला ते राहत नाहीयेत लक्षात. आपण दाखवून घेऊ या तिला." त्याने पुण्यात विस्मरणाच्या आजाराच्या एका डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली, संक्रांतीनंतरची.

मी घाबरले. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं आणि पुढे त्यांना स्वतःचा मुलगा ओळखू येईना. फोनवर मी आईची गुपचूप परीक्षा घ्यायला लागले. काल काय भाजी केलीस? मावशीचा नंबर जरा सांगतेस का, माझ्या मोबाइलमधून गेलाय. आई मावशीचा नंबर घडाघडा सांगायची, वर मावसबहिणीचाही सांगायची. दहा आकडे पाठ आहेत आणि चार राहत नाहीत, हे कोडं मला सुटेना. इतकी वर्षं विज्ञान शिकवून एवढं कळू नये, पण काळजी लागली की डोकं चालत नाही.

शेवटी ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी आईला न कळवता निघाले, दोन बस बदलल्या आणि दहाच्या सुमाराला गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले. शेजारच्या काकू पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. तेवढ्यात आई बाहेर आली. हातात पिशवी, पायात चपला. तिने दार ओढलं, किल्ली फिरवली. अजून सगळं ठीक होतं.

काकूंनी मटारातून मान वर केली. "कुठं निघाल्या ताई?"

आईचा हात थांबला. तिने काकूंकडे बघून हसून काहीतरी उत्तर दिलं, मग किल्ली उलटी फिरवली आणि पुन्हा आत गेली.

मी धावतच दारापाशी गेले. खिडकीच्या जाळीतून हॉल दिसत होता. आईने चपला काढल्या होत्या. दाराजवळच्या खुर्चीत ती बसली होती, तिथे टिपॉयवर ठेवलेला तांब्या उचलून वरून पाणी पीत होती, सावकाश, एकेक घोट. इकडे डबीची टिकटिक चालू. मिनिट संपलं आणि गच्चीवरचा भोंगा सुरू झाला. आई दचकली नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ती पाणी प्याली, तो खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं, उठली, डबीपाशी गेली आणि चार आकडे एका दमात बरोबर दाबले. भोंगा बंद झाला. मागे काकूंच्या घरातून यजमानांचं खोकणं ऐकू आलं.

मी आत गेले. आई मला बघून मात्र दचकली.

"तुला नंबर येतो?" मी विचारलं.

"न यायला काय झालं?"

"मग आत आल्या आल्या का नाही दाबलास?"

"निघताना कुणी 'कुठे' विचारलं तर आत येऊन बसावं, पाणी प्यावं, मग निघावं. काही विसरून परत आलं तरी तसंच. आणि मागे फिरल्यावर बसायच्या आधी कशाला हात लावायचा नसतो. बसलं की मधे उठायचं नसतं." ती खुर्चीकडे बघत म्हणाली. "दर वेळी वाटतं मिनिटात होईल. पण पाणी घशात ओतायचं तर बसायचंच कशाला?"

मला आधी इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसले. माझी आई शाबूत होती. तिचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. मग राग आला.

"अगं, काकूंना सांगायचं ना, 'कुठे' विचारू नका म्हणून."

"तिला कसं सांगू? कुठे निघाले हे विचारणारं ते एक माणूस राहिलंय आता."

आठवड्याला एक फेरी आणि रोजचा एक फोन, त्यातही सूचनाच जास्त, हा माझा हिशेब मला माहीत होता.

"बरं, मग आम्हाला तरी सांगायचंस. तो तुला डॉक्टरकडे न्यायला निघालाय. घर जाईल तुझं."

आईने तांब्याचा काठ पदराने पुसला. मग म्हणाली, "तू हसली असतीस."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पाऊस पडेल म्हणावं तसं म्हणाली. आणि मला लख्ख आठवलं. मी तेरा वर्षांची होते. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करून बक्षीस मिळवलं होतं आणि जग सुधारायचं राहिलं होतं तेवढं सुधारायच्या बेतात होते. कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालो असताना आई छत्रीसाठी परत फिरली आणि येऊन खुर्चीत बसली. दारात पाहुणे उभे होते. मी त्यांच्यासमोर तिची नक्कल केली. पदर सावरून बसले, हवेतला तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायले, डोळे मिटले. पाहुणे पोट धरून हसले, बाबाही हसले. आई पण हसली होती. त्यानंतर ती खुर्चीत बसलेली मी कधी पाहिली नाही. मला वाटलं, सुधारली. मी ते माझ्या खात्यावर जमा करून टाकलं.

सुधारली नव्हती. कुठेही निघताना आई म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी गॅस बघून आलेच." आम्ही रिक्षात बसून तिची वाट बघायचो आणि तिला धांदरट म्हणायचो. गॅस कधीच चालू नसायचा. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून पाणी पीत असायची, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. तीस-बत्तीस वर्षं माझी आई स्वतःच्या घरात चोरून पाणी प्याली आणि आता विसराळू ठरायला तयार झाली, पण माझ्या हसण्याला पुन्हा सामोरी जायला तयार नव्हती. मला त्या दिवशी फार लाज वाटली. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "बरं, आता चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवशी मी कारागिराला बोलावलं. निघायची मुदत वाढवता येईल का, विचारलं. "येईल की. किती ठेवू?" त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तांब्याभर पाण्याचं ठेवा." त्याला काही समजलं नसावं, पण त्याने विचारलं नाही. चार मिनिटं ठेवली. त्यानंतर भोंगा एकदाही वाजला नाही. काकूंच्या यजमानांचं छातीला हात लावून बसणं थांबलं. आईने मला एवढंच बजावलं, "त्याला सांगू नकोस. तो मोठा साहेब झालाय."

संक्रांतीला भाऊ आला. गल्लीतली मुलं गच्च्यांवर पतंग उडवत होती, त्यांची आरडाओरड घरात येत होती. आईने तिळाच्या वड्यांचं ताट पुढे ठेवलं, पण याने आधी मोबाइल काढला. अलार्मचं सगळं तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चार मिनिटं? कुणी केलं हे? चार मिनिटांत चोर आत येऊन चहा पिऊन जाईल."

"मी केलं," मी म्हणाले. "आधी एक मिनिट फारच कमी ठेवलं होतं. माझीच चूक. भोंगा त्यामुळे वाजत होता."

"ताई, एका मिनिटात दाराबाहेर पडता येत नाही माणसाला? तू तिला पाठीशी घालतेयस. मला फसवू नकोस. मी मजा म्हणून नेत नाहीये तिला." तोही घाबरलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. "डॉक्टरांकडे उद्याच जाऊ. आई, तू बॅग भर."

मी आईकडे बघितलं. ती ताटातल्या वड्या सारख्या करत होती. मग हात थांबवून म्हणाली, "तिची चूक नाही. मला नंबर येतो. काकू 'कुठे' विचारतात, म्हणून मी आत येऊन बसत होते. पाणी पीत होते. त्यात मिनिट जात होतं." आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. कुणी हसलं तर हसू दे, अशी.

भाऊ हसला नाही. त्याने मोबाइल खाली ठेवला.

"एवढंच?" तो म्हणाला. मग, "मी पण बसतो."

"कुठे बसतोस?" मी विचारलं.

"घरी. पार्किंगमधून काही विसरलं म्हणून वर यावं लागलं की. चपला काढून सोफ्यावर बसतो, ग्लासभर पाणी पितो. बायको विचारते काय चाललंय, तर सांगतो ऑफिसची मेल बघतोय."

"तुला आठवतं?" आई म्हणाली. "पाच-सहा वर्षांचा होतास."

"न आठवायला काय झालं?" त्याने एक वडी तोंडात टाकली आणि त्याच भरल्या तोंडाने म्हणाला की डॉक्टरांचं तो उद्या सकाळी रद्द करून टाकेल, राहा तू इथेच. आईने नुसतं हं केलं, पण तिचा हात त्याच्या पाठीवर गेला.

मला मात्र एक विचारायचं राहिलं होतं. "तुला हे दिसलं कधी? ती तर सगळ्यांपासून लपून बसायची."

"सगळ्यांपासून कुठे, तुम्ही रिक्षात जाऊन बसायचात तेव्हा मी आणि आई स्वयंपाकघरात असायचो," भाऊ म्हणाला. "ती एक घोट मला द्यायची. आणि म्हणायची, ताईला सांगू नकोस."