सहा बांगड्यांचा भाव
फेब्रुवारीतला शुक्रवार, लालबागचा मासळीबाजार. हजर आई, मी आणि तिच्या वीस वर्षांच्या ओळखीची कोळीण. सहा बांगड्यांचे कोळणीने आठशे सांगितले, कारण आई घासाघीस करून ते निम्म्यावर आणणार हे तिला ठाऊक होतं. आईचं विसरणं निदान सावकाश वाढावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले बांगडे, अक्रोड आणि अर्धा तास चालणं मी पाच महिने रोज तक्त्यावर नोंदवत होतो. आईने मुकाट्याने आठशे काढले. “काय गो आये, आज भांडत नाय?” कोळीण हसली. “तुम्ही म्हणाल ते, बाई,” आई परक्यासारखी म्हणाली. कोळणीने माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या वाटचंही स्वतःच भांडत सहाशे, पाचशे करत खाली आली. तक्ता अजून माझ्याकडे आहे, त्यात एकही दिवस कोरा नाही. त्या शुक्रवारी कोळणीने घेतले चारशे.