बंदरामागच्या वस्तीतली दूधआई

माझं माहेर वेळणेश्वरचं. शंकराच्या देवळातली घंटा ऐकत मी वाढले. लग्न होऊन रत्नागिरीला, बंदरामागच्या वस्तीत आले, तेव्हा तिथे देव म्हणून होता फक्त शेंदूर लावलेला एक काळा दगड. वस्तीतलं कुणीच मूळचं तिथलं नव्हतं. कुणी जयगडकडून आलेलं, कुणी दापोलीच्या बाजूचं. पुरुष बंदरावर हमाली करीत, नाहीतर गलबतावर खलाशी म्हणून जात. बायका खाडीत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांपासून काथ्या काढून दोर वळीत. सगळ्यांचे देव गावीच राहिले होते. म्हणून आधी आलेल्या घरांनी किनाऱ्यावरचा तो दगड खांद्यावरून चढणीवर आणला, वर माडाच्या झापांची सावली केली आणि त्याला आई म्हणायला लागले. मी सगळ्यांबरोबर हात जोडी, पण मनात येई, हमालांनी वाहून आणलेल्या दगडाला माझं काय कळणार?

भादव्यात मला मुलगा झाला आणि लगेच तापानं गाठलं. घरधनी गलबतावर होते. दूध आटलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या बोंडल्यानं शेळीचं दूध पाजू बघत, पण पोराला ते पचेना, सगळं बाहेर येई. हळूहळू त्याचं रडणं बारीक होत गेलं. आत्याबाईंनी देवीपुढे जाऊन गाऱ्हाणं घातलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि पोराला छातीशी घट्ट धरून होते. हात सैल सोडले तर हा जाईल, एवढंच एक डोक्यात बसलं होतं. झापांच्या फटींतून ऊन खाली झिरपत होतं, त्याचे कवडसे भिंतीवर हलत, आणि मला वाटे आपली खोपटी गलबतासारखी पाण्यावर निघाली आहे. कुठे, ते कळत नव्हतं. भीतीसुद्धा लांब गेल्यासारखी झाली होती.

त्या दिवशी दर्याला उधाण होतं. उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारे पडाव लाटांवर ठरेनात, म्हणून मुंबईची आगबोट न थांबताच पुढे गेली आणि उतारू बंदरावर अडकून पडले. अशा वेळी आमच्या वस्तीची एक रीत होती. ज्याच्या पडवीत जागा असेल त्यानं एखाददुसऱ्या माणसाला घरी आणायचं आणि चुलीवर असेल ते वाढायचं. आपणही कधीतरी असेच बोचकं घेऊन या बंदरावर उभे होतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारच्या काशीकाकीनं एका एकट्या बाईला आपल्या पडवीत बसवलं होतं. आमच्या घरातलं ते बारीक रडणं तिच्या कानावर गेलं आणि ती उठून थेट आमच्या दारात आली.

मला दिसलं ते एवढंच, की दारातला उजेड कुणीतरी अडवला आणि मग तो उजेडच आत चालत आला. तिच्या चोळीवर पुढे ओल पसरली होती. ती म्हणाली, "माझं गेलं. दूध मात्र येतंय अजून. तुमच्या पोराला घेऊ?"

काशीकाकी मागोमाग आली होती. ती हलकेच म्हणाली, "आत्ये, जात तरी इचारा."

आत्याबाईंनी पोराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भुकेल्या पोराला इचार तू. त्येची कंची जात हाय ती."

त्या माझ्यापाशी बसल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. "सोड गो बाय. दे तिच्याकडं."

मला सोडवेना. बोटं जणू माझी राहिलीच नव्हती. त्या तापात मी पहिल्यांदा, कुठल्या देवाचं नाव न घेता, मनात म्हटलं, हा माझ्याच्यानं राखवत नाही, आता तूच घे. आणि हात आपोआप उघडले. नंतर घोट घेतल्याचा आवाज आला. एक, मग पुन्हा एक. समुद्राची गाज मागे सरली आणि तेवढाच आवाज घरभर भरून राहिला. तो ऐकत मला झोप लागली.

दर्या निवळेपर्यंत ती बाई आमच्याकडेच राहिली. माझा ताप उतरून मी नीट शुद्धीवर आले, तोवर पुढची आगबोट तिला घेऊन गेली होती. नवरा मुंबईला गिरणीत आहे, एवढंच ती बोलली होती. नाव कुणी विचारलं नव्हतं. काशीकाकीनं वस्तीभर सांगितलं, की देवीच आली होती. मी त्यावर कधी वाद घातला नाही. माझं दूध हळूहळू परतलं, पोरानं बाळसं धरलं, आणि बरी झाल्यावर मी चढण चढून आईच्या पायाशी बसले, ती मनापासून.

कितीतरी वर्षं मी म्हणत आले, की देवीनं तिला माझ्यासाठी पाठवलं. मग एकदा दोर वळता वळता आत्याबाई सहज बोलून गेल्या, "पोराला पाजताना ती बाय ढसाढसा रडली गो. काशी म्हणाली, बंदरावर आल्यापासनं तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. नुसती पाण्याकडं बघत बसली होती, अगदी कडेला."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. त्या दिवशी मदतीला कोण कुणाकडे आलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. पोराला मी कुठल्या हातांत दिलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या बाईला पाण्याच्या कडेवरून परत आणायला ते पोर नेलं जात होतं, हे तर मुळीच नव्हतं. आता संध्याकाळी हात जोडते, तेव्हा मागायचं काही सुचत नाही. ती बाई जिथे असेल तिथे तिची कूस पुन्हा उजवली असो, एवढंच म्हणते, आणि हात उघडे ठेवते.