कामावर गेलेला कोयता

आमच्या भिंगारच्या घरमालकांच्या घरात जेवढी लोकशाही होती, तेवढी दिल्लीतही नसावी. दोडका करायचा की वांगं, यावरसुद्धा ते हात वर करायला लावून मतं घ्यायचे. खोली भाड्यानं घेऊन कॉलेजात शिकणाऱ्या मलाही एक मत होतं. दोडक्याच्या बाजूनं ते एकटेच असत. रोज हरत आणि मुकाट्यानं वांगं खात. निवृत्त चित्रकलाशिक्षक, नगरातलं एक छोटं वस्तुसंग्रहालय सांभाळायचे. तिथंही हाच खाक्या. एखादी वस्तू हलवायची तर आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची नि मग मत विचारायचं, मग तो छावणीतला सुभेदार असो की मेथीची पाटी उतरवून सावलीला टेकलेली बाई. सुभेदार जाम वैतागायचे.

माझी आई पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी. एका गुढीपाडव्याला देवळाली प्रवऱ्याच्या तोडीवरून परतताना मला भेटायला आली, तेव्हा तिच्या गाठोड्यातला कोयता घरमालकांनी मागून घेतला आणि काचेच्या कपाटात जुन्या निजामशाही तलवारीशेजारी मांडला. संग्रहालयाचे विश्वस्त भडकले. "तलवारीचं राज्य कधीच गेलं. कोयत्याची साखर रोज तुमच्या चहात आहे," असं म्हणून यांनी त्यांना चहाच पाजला.

खरी पंचाईत दसऱ्यानंतर झाली. आईला वाटलं होतं, कोयता नुसता जपून ठेवायला नेलाय. ती दारात उभी राहिली. "भाऊ, टोळी निघाली. माजा कोयता द्या." संग्रहालयातली वस्तू बाहेर न्यायची नाही, हा नियम, आणि हातच्या कोयत्याशिवाय आईचा हंगाम कसला? घरमालकांनी कपाट उघडून कोयता तिला दिला आणि रिकाम्या जागी चिठ्ठी लावली: 'कामावर गेला आहे. पाडव्याला परत येईल.'

मग दरवर्षी हेच. विश्वस्तांनी यांना काढून टाकायची धमकी दिली. हे चिठ्ठी आणखी देखण्या अक्षरात लिहू लागले. आई हंगामाहून आली की आधी कोयता कपाटात ठेवायची, मग मला भेटायची. तिथं ती खुर्चीत ऐसपैस बसायला शिकली. या उपकाराचा मी कधीच उतराई होणार नाही.

मला नोकरी लागली, आईची तोडणी थांबली आणि कोयता कायमचा कपाटात आला. विश्वस्तांच्या अध्यक्षांसमोरच घरमालकांनी तिला विचारलं, आता चिठ्ठी काढायची ना?

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "बाकीच्या बाया अजून कामावरच हायेत."

घरमालकांनी हात वर केला. मीही केला. जरा वेळानं अध्यक्षांचाही हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच घरमालक मतदान जिंकले. त्या दिवशी घरी कुणाला न विचारता दोडका झाला.

आता ते नाहीत. चिठ्ठीची शाई उडाली की मी जाऊन नवी लिहून येतो. अक्षर त्यांच्यासारखं येत नाही.