ओरिन व्हेल्डकँपने दिलेला शब्द

ओरिन व्हेल्डकँप पहिल्यांदा आमच्या जिममध्ये आला, तेव्हा नेटचे खांब तळघरात गंजत पडले होते. ॲशमीड हे सरोवराच्या काठचं साडेसहाशे मुलामुलींचं कॉलेज. मुलगे यायचे कमी झाले, म्हणून तेव्हाच्या प्रेसिडेंटनी त्यांच्यासाठी व्हॉलीबॉलची टीम काढायचं ठरवलं आणि शेजारच्या गावात गणित शिकवणाऱ्या ओरिनला कोच म्हणून बोलावून घेतलं. मी कॉलेजच्या वाचनालयात होते. मॅचचे गुण लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला धरलं. त्या टेबलामागे मी एकवीस वर्षं बसले.

पहिल्या वर्षी आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. एक मुलगा तर सर्व्हिस करताना चेंडू हमखास माझ्या टेबलावर आणून आदळायचा.

"विनी, हेल्मेट घालून बस गं," ओरिन मला म्हणायचा, आणि सराव संपल्यावर त्या मुलाला अर्धा तास थांबवून घ्यायचा. तिसऱ्या वर्षी तोच मुलगा कप्तान झाला. ओरिनची बायको कधीच सोडून गेली होती. "घरात नेट लावलं असतंस तर निदान तू घरी दिसला असतास," असं म्हणून गेली, हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

आमच्यासारख्या आठ लहान कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स होती. वर्षभर आपापसात खेळायचं आणि एप्रिलमध्ये जो जिंकेल त्याने थेट राष्ट्रीय स्पर्धेत जायचं. आम्ही एकदाच गेलो आणि पहिल्या फेरीत हरून परत आलो. पण मुलं ॲशमीडला यायची ती तेवढ्या आशेवर.

मग कॉलेजं गळायला लागली. एक बंद पडलं, दुसऱ्याने फक्त टीम बंद केली. उरलो सहा. सहाच्या खाली गेलं की राष्ट्रीय स्पर्धेतला थेट प्रवेश जायचा. आणि ऑक्टोबरात सेंट ऑड्रन कॉलेजने जाहीर केलं, की मे महिन्यानंतर ते कॉलेजच बंद.

बाकीच्या कोचनी हात टेकले. ओरिनने टेकले नाहीत. सहावी टीम मिळावी म्हणून तो दर शनिवारी गाडी काढून जवळपासच्या कॉलेजांचे उंबरे झिजवायला लागला. डिसेंबरमध्ये टॅमरॅक कॉलेजला जाताना मीही बरोबर गेले, कारण बर्फात त्याला नीट दिसायचं नाही. तिथल्या क्रीडाप्रमुख रोझलिंड प्रूइट यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्ही टीम काढायची आणि उद्या तुम्हीच नसलात, तर माझ्या मुलांनी भिंतीशी खेळायचं का?" त्यांनी विचारलं.

"आम्ही कुठे जातोय, बाई? मी निवृत्त होईन, टीम राहील. माझा शब्द घ्या."

"तुमच्या प्रेसिडेंटना विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? प्रेसिडेंटनीच तर ही टीम काढली."

ते प्रेसिडेंट वारून नऊ वर्षं झाली होती. नव्यांना ओरिन दोनदाही भेटला नसेल. मला हे माहीत होतं. मी टेबलावरच्या कॉफीकडे बघत बसले.

जानेवारीत टॅमरॅकचा होकार आला. ओरिन डोनट घेऊन वाचनालयात आला आणि 'खाण्यास मनाई'च्या पाटीखाली उभा राहून दोन खाल्ले. टॅमरॅकने मुलंही शोधली. दोघांनी तर दुसऱ्या, मोठ्या कॉलेजांना नकार कळवून तिथे यायचं कबूल केलं.

मार्चमध्ये प्रेसिडेंटनी ओरिनला बोलावलं. तिथून तो सरळ माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसला.

"टीम गेली, विनी."

"कुठे?" मी वेड्यासारखं विचारलं.

"बंद. एप्रिलनंतर. नोव्हेंबरातच ठरलं होतं. मुलं मध्येच निघून जातील म्हणून कुणाला सांगितलं नाही म्हणे. मी बर्फातून गाडी हाकत होतो ना, तेव्हा ते ठरवून मोकळे झाले होते."

रोझलिंडबाईंना त्याने माझ्या टेबलावरूनच फोन लावला. मी उठायला लागले तर हाताने थांबवलं. "नाही, मला माहीत नव्हतं," तो म्हणत होता. "नाही, विचारलं नव्हतं. हो. खोटंच बोललो." फोन ठेवल्यावर म्हणाला, "ओरडली नाही गं ती. म्हणाली, त्या दोन मुलांना तुम्हीच कळवा."

त्याने कळवलं. एकाने ऐकून फोन बंद केला. दुसऱ्याची आई फोनवर आली. "तुमच्या भरवशावर माझ्या मुलाने चांगली जागा सोडली. आता ती परत देणार आहात का?" तिचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. तिनेच शेवटी फोन ठेवला.

"मीही तिथे होते," मी म्हणाले. "मी बोलायला हवं होतं."

"ठाऊक आहे. परत येताना तू गाडीत तोंड उघडलं नाहीस."

आमच्या मुलांना त्याने जिममध्ये सांगितलं. आमचा सेटर टोबाया लेन्झ, ज्याच्या हातून प्रत्येक स्मॅशसाठी चेंडू उठायचा, त्याने विचारलं, "कोच, मग आता आम्ही कशासाठी खेळायचं?"

मुलांच्या प्रश्नाला ओरिनकडे नेहमी काहीतरी उत्तर असायचं. त्या दिवशी म्हणाला, "माहीत नाही रे."

एप्रिलमध्ये आम्ही उपांत्य फेरीत सरळ तीन सेटमध्ये हरलो. शेवटचा सेट पंचवीस-अकरा. कुणी रडलं नाही. मुलं व्हॅनमध्ये बसली आणि कुठे जेवायचं यावरून भांडली. मे महिन्यात फोनवरच्या एका बैठकीत कॉन्फरन्स मोडली. उरलेल्या चारांपैकी दोघांना दुसरीकडे आसरा मिळाला, दोघांनी खेळच सोडला. टॅमरॅकची टीम उभीच राहिली नाही.

ओरिनने आपल्या चौदा मुलांसाठी कॉलेजाकॉलेजांना पत्रं लिहिली. तिघांना जागा मिळाली. टोबाया आता त्याच्या काकाबरोबर घरांची छपरं घालतो. ओरिन लाकडाच्या वखारीत फळ्या मोजतो.

गेल्या हिवाळ्यात तो मला पोस्टात, रांगेत भेटला. गावातल्या शाळेने मुलींच्या टीमसाठी विचारलं होतं, त्याने नाही म्हणून सांगितलं.

"का रे? जमलं असतं की तुला."

"पोरी पहिल्याच दिवशी विचारतील, पुढच्या वर्षी आहात ना, कोच?" तो म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

तेवढ्यात त्याचा नंबर आला आणि तो पाकीट घेऊन काउंटरकडे गेला.