बटणाची टकटक

"वायरलेस सेट बिघडला होता, एवढं म्हणायला तुमचं काय जातं?" इस्त्री शर्टावर दाबत बायकोने तिसऱ्यांदा विचारलं.

"सेट चांगला होता," स्टेशनमास्तर म्हणाला.

"मोठे आले सेटची बाजू घेणारे. माझी कधी घेतलीत?"

मुलीला हसू आलं, पण वडिलांकडे पाहून तिने ते गिळलं.

उद्या चौकशी होती. एकतीस वर्षं मास्तर वायरलेसवरून ड्रायव्हरांना सूचना देत आला होता. ड्रायव्हरने सूचना शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची, असा नियम. पण मास्तरच्या स्टेशनवर ओळखीचे ड्रायव्हर नुसतं सेटचं बटण दोनदा दाबत. टकटक ऐकू आली की निरोप पोचला, असं तो धरून चाले. त्या सकाळीही त्याने सांगितलं, पुढे रुळांवर माणसं काम करताहेत, सावकाश जा. टकटक आली. ती दुसऱ्याच गाडीतून आली होती; ज्याच्यासाठी निरोप होता त्या ड्रायव्हरला तो पोचलाच नव्हता. रुळांवरचा एक माणूस गाडीखाली गेला.

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या," बायकोचा आवाज खाली आला. "सेटला काही बायकामुलं नाहीत."

"त्या माणसाला होती."

"म्हणून आता आम्ही रस्त्यावर यायचं?"

"मी सेटचं नाव घेतलं, की ते नवे सेट आणतील. टकटक तशीच चालू राहील."

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. मास्तरने दोघींकडे पाहिलं.

"ती सवय मीच लावली, असं उद्या लिहून देणार आहे. पेन्शन कापली, तर लहान घर बघू."